एका ग्रंथपालाचा संसार

मराठी आत्मचरित्रांचे कपाट उघडले की एक गोष्ट ध्यानात येते. थोर पुरुषांची जाडजूड चरित्रे आपण आदराने हाताळतो आणि आदरानेच परत ठेवतो. पण रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर दिव्याशी बसून वाचतो ती संसाराची पुस्तके. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली निघाल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी आली. आनंदीबाई उर्फ बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ सालचे. या तिघींचे नवरे मोठे होते. एक न्यायमूर्ती, एक कवी, एक महर्षी. पण पुस्तके टिकली ती काही त्या मोठेपणाच्या आधारावर नव्हे. दोन माणसे एका छपराखाली राहू लागली म्हणजे रोज काय काय निभवावे लागते, कोणते अपमान वाटून घ्यावे लागतात, कोणत्या हट्टापुढे कोण नमते, याची खरी हकीकत त्यांत आहे, म्हणून ती आजही घराघरांतून वाचली जातात.

याच कपाटात ठेवण्याजोगे एक पुस्तक नुकतेच माझ्या वाचनात आले. ते इंग्रजीत आहे, अमेरिकेतले आहे, आणि त्यातले जोडपे दोन पुरुषांचे आहे. पुस्तकाचे नाव 'द वेडिंग हर्ड राउंड द वर्ल्ड', म्हणजे जगभर ऐकू गेलेले लग्न. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाने ते २०१६ साली प्रसिद्ध केले. लेखक मायकेल मॅककॉनेल हे व्यवसायाने ग्रंथपाल. त्यांनी व त्यांचे जोडीदार जॅक बेकर यांनी सांगितलेली हकीकत गेल लँगर कारवॉस्की या लेखिकेने शब्दांकित केली आहे. निवेदन मात्र मॅककॉनेल यांचे, 'मी'च्या तोंडचे.

पुस्तक माझ्याकडे कसे आले तेही सांगते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ते आणून दिले. 'बाई, वेळ मिळाला तर वाचा,' एवढेच तो म्हणाला. मी पाने चाळली आणि त्याच्याकडे पाहिले. त्यानेही माझ्याकडे पाहिले. निघताना उंबऱ्याशी चपला घालता घालता तो म्हणाला, 'आईला देता येईल असे काही मराठीत असले तर बघा.' त्याचे नावगाव मी सांगणार नाही. हे एवढे लिहितानाही त्याला विचारूनच लिहिते आहे. त्याची आई इंग्रजी वाचत नाही, पण दिवाळी अंक वाचते. तेव्हा या परीक्षणाचा पहिला वाचक कोण, हे मी मनाशी ठरवूनच लेखणी उचलली आहे.

मी शाळेत मराठी शिकवते आणि शाळेचे छोटेसे ग्रंथालयही माझ्याकडेच आहे. इंग्रजी मॅट्रिकपुरतेच असल्यामुळे शेजारी शब्दकोश उघडा ठेवून हे पुस्तक वाचले. शब्दकोशाचा उल्लेख मुद्दाम केला. या गोष्टीत त्यालाही एक भूमिका आहे. ती पुढे येईल.

* * *

मॅककॉनेल यांचा जन्म १९४२ सालचा, ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन गावचा. जॅक बेकर त्याच वर्षी जन्मले, शिकागो शहरात. लहानपणीच आईबापांना अंतरले आणि कॅथलिक पंथाच्या वसतिशाळेत वाढले. १९६६ च्या ऑक्टोबरात नॉर्मन येथे मित्रमंडळींच्या एका मेजवानीत दोघांची गाठ पडली. १० मार्च १९६७ हा जॅक यांचा पंचविसावा वाढदिवस. त्या दिवशी त्यांनी कायमचे एकत्र राहण्याची गोष्ट काढली. मॅककॉनेल यांनी ती मान्य केली, परंतु एक अट घातली. एक ना एक दिवस लग्न करायचे, आणि तेही कायद्याने.

या अटीचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. त्या वेळी जगाच्या पाठीवर एकाही देशात दोन पुरुषांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. अमेरिकेत तर इलिनॉय हे एक राज्य सोडले तर सर्वत्र असा संबंध हाच गुन्हा होता. म्हणजे ज्या घरात शिरल्याबद्दल शिक्षा व्हायची, त्या घराचे खरेदीखत आपल्या नावे करून द्या, अशी ही मागणी. मी कादंबऱ्या लिहिते. पण एखाद्या पात्राच्या तोंडी असली अट घालताना माझा हात अडखळला असता. वाचक म्हणेल, प्रेम आहे ना, मग गुपचूप एकत्र राहावे. हा कागदाचा हट्ट कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर मला मॅककॉनेल यांच्या धंद्यात सापडते. ते ग्रंथपाल, आणि ग्रंथपालांतही तालिका करणारे. तालिकाकाराचे काम बाहेरून पाहणाऱ्याला रुक्ष वाटते. नवे पुस्तक हाती आले की ते खरोखर कशाविषयी आहे हे ठरवायचे, त्याला विषयशीर्षक द्यायचे, आणि आपल्या जातीच्या पुस्तकांशेजारी त्याची जागा नेमायची. या कामात शब्दाची चूक चालत नाही. भलत्या कप्प्यात गेलेले पुस्तक चोरीला गेलेल्या पुस्तकासारखेच होते. ते असते, पण कोणाला मिळत नाही. माझ्या शाळेतल्या दोन कपाटांवरूनही हे मला ठाऊक आहे. अशा माणसाला आपल्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या गोष्टीवर 'मैत्री', 'सोबत', 'एकाच खोलीत राहणारे' असल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या कशा सोसाव्या? जे लग्न आहे त्याला लग्न म्हणा, एवढेच त्यांचे म्हणणे. सारे पुस्तक या एका शब्दासाठी झालेल्या भांडणाची कथा आहे.

ग्रंथालयांच्या कपाटांत तेव्हा या विषयाला काय जागा होती तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची वर्गीकरण पद्धती तेथील बहुतेक विद्यापीठांत वापरतात. तीत समलिंगी प्रेमाविषयीची पुस्तके 'अनैसर्गिक लैंगिक संबंध' या वर्गात, लैंगिक गुन्ह्यांच्या सोबतीला ठेवलेली असत. १९४९ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात बार्बरा गिटिंग्ज नावाची एक मुलगी शिकायला आली होती. आपण कोण आहोत हे जाणून घेण्यासाठी तिने ग्रंथालये पालथी घातली. जे हाती आले ते रोगांच्या, विकृतीच्या आणि गुन्ह्यांच्या कप्प्यांतले. या शोधापायी तिचा अभ्यास बुडाला आणि विद्यापीठ सोडावे लागले. आपल्या रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली; प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे त्यांतले एक. या मुलीला तिचे पुस्तक मिळाले नाही. इतकेच काय, जी मिळाली ती तिच्याविरुद्ध साक्ष देणारी होती.

* * *

१९७० साल उजाडले तेव्हा जॅक मिनेसोटा विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करीत होते. लग्नाच्या अटीसाठी कायदा कळणे भाग होते! मॅककॉनेल यांनाही त्याच विद्यापीठाने सेंट पॉल येथील ग्रंथालयात तालिका विभागाचे प्रमुखपद देऊ केले. पगार वर्षाला ११,००० डॉलर. १८ मे १९७० रोजी दोघे मिनियापोलिसच्या कचेरीत गेले आणि त्यांनी विवाहाच्या परवान्यासाठी अर्ज केला. मिनेसोटाच्या कायद्यात वधू आणि वर यांच्यात एक स्त्री आणि एक पुरुष असावा असे स्पष्ट शब्दांत कोठेही लिहिलेले नव्हते. जॅकनी कायदा वाचला तो असा, अक्षर न् अक्षर. कचेरीने अर्ज फेटाळला. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळाने मॅककॉनेल यांची नेमणूक मंजूर करण्यास नकार दिला.

मॅककॉनेल न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी पहिली फेरी जिंकले. नोकरीच्या कामाशी संबंध नसलेल्या खासगी गोष्टीवरून नोकरी नाकारता येणार नाही, असा त्या न्यायाधीशांचा कौल पडला. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो उलटवला. या दुसऱ्या निकालातली भूमिका मला फार बोलकी वाटते. त्या न्यायाधीशांचा आक्षेप मॅककॉनेल तसे आहेत यावर तितका नव्हता. आपण तसे आहोत हे ते उघड सांगतात, आणि इतरांनी ते मान्य करावे अशी अपेक्षा धरतात, यावर होता. गप्प राहिले असते तर नोकरी राहिली असती. हा सौदा आपल्याकडच्या घरांनाही अनोळखी नाही. 'काय करायचे ते कर, पण चार लोकांत बोलू नकोस,' हे वाक्य कोणत्या घरात कधीच उच्चारले गेले नाही?

वाचता वाचता मला रघुनाथ धोंडो कर्वे आठवले. संततिनियमनाचा प्रचार सोडायला तयार नव्हते म्हणून १९२५ साली त्यांना मुंबईतली प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. त्यांच्या गणित शिकवण्यात कोणी खोट काढली नव्हती. मॅककॉनेल यांच्या तालिकेतही कोणी काढली नाही. काम नीट करणाऱ्या माणसाची भाकरी त्याच्या विचारासाठी काढून घेण्याची रीत सगळीकडे सारखीच दिसते.

दुसरा खटला लग्नाच्या परवान्याचा. तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. सुनावणीत न्यायमूर्तींनी एकही प्रश्न विचारला नाही; एकाने तर खुर्ची फिरवून वकिलाकडे पाठ केली. १५ ऑक्टोबर १९७१ रोजी निकाल विरुद्ध गेला. येथे तो शब्दकोश येतो. कायद्यात स्त्री-पुरुषाचा उल्लेख नसला तरी विवाह या शब्दाचा रूढ अर्थच तसा आहे, असे सांगताना न्यायालयाने तळटीपेत वेब्स्टरच्या कोशाचा आधार दिला. आयुष्यभर वाचकांना कोश काढून देणाऱ्या माणसाचा दावा कोशाच्या पानाने बुडावा, ही गोष्ट मी कादंबरीत घातली असती तर परीक्षकांनी ओढूनताणून आणलेली म्हटली असती. कोश लोकांच्या तोंडचे शब्द टिपून घेतो. लोकांनी काय बोलावे हे सांगत नाही, हे मी वर्गात मुलांना दर वर्षी सांगते. त्याच परंपरेतल्या एका कोशाने २००३ साली विवाह या शब्दाखाली समलिंगी जोडप्याचाही अर्थ नोंदवला. लोक बोलू लागले, कोशाने टिपून घेतले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १० ऑक्टोबर १९७२ रोजी एका वाक्यात हे अपील काढून टाकले. यात केंद्रीय कायद्याचा महत्त्वाचा असा प्रश्नच उद्भवत नाही, असा त्या वाक्याचा आशय. पुढे ४३ वर्षे हे एक वाक्य इतरांच्या वाटेत धोंड्यासारखे पडून राहिले.

* * *

पण लग्न मात्र त्याआधीच झाले होते, आणि कसे झाले ते वाचताना आपल्याकडच्या वाचकाला हसूही येईल आणि विचारही करावा लागेल. १९७१ च्या ऑगस्टमध्ये मॅककॉनेल यांनी जॅकना रीतसर दत्तक घेतले! दत्तक हा शब्द आपल्याला नवा नाही. वंश, मिळकत, मरणानंतरचा हक्क यांसाठी आपल्याकडे दत्तकविधाने झाली आणि दत्तक नामंजूर झाले म्हणून संस्थानेही गेली. येथे हेतू तोच होता: कायद्याने आपण एकमेकांचे कोणीतरी लागावे. त्याच हुकमात जॅक यांचे नाव बदलून पॅट लिन मॅककॉनेल असे झाले. हे नाव बाईचेही असू शकते, पुरुषाचेही. मग मॅककॉनेल एकटेच मंकाटो या गावी गेले आणि तेथील कचेरीतून १६ ऑगस्टला परवाना घेऊन आले. ३ सप्टेंबर १९७१ रोजी मिनियापोलिस येथे मित्राच्या घरी, रॉजर लिन या मेथॉडिस्ट पाद्र्यांनी लग्न लावले. दोघांच्या अंगावर पांढरे पोशाख होते, पायघोळ विजारींचे. अंगठ्या अशा घडवून घेतल्या होत्या की शेजारी शेजारी धरल्या म्हणजे दोघांची नावे आणि त्यांमधले प्रेम वाचता यावे.

या युक्तीविषयी माझ्या मनात थोडी चलबिचल झाली, हे लपवीत नाही. शब्दाच्या खरेपणासाठी झगडणाऱ्या माणसांनी नावाच्या आडोशाने परवाना मिळवावा काय? पुस्तक या प्रश्नापाशी जितके थांबायला हवे तितके थांबत नाही. डाव जिंकल्याच्या आनंदात पुढे जाते. परंतु विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्यांनी खोटे काहीच लिहिले नव्हते. कचेरीने जे विचारले त्याचे उत्तर दिले. जे विचारले नाही ते सांगितले नाही. ज्या कायद्याने त्यांना शब्दांत पकडले, त्याला त्यांनीही शब्दांतच पकडले. ही फसवणूक म्हणावी की वकिली, हे ज्याने त्याने ठरवावे. मला ती वकिली वाटते.

पुस्तकाचे दुसरे वैगुण्य त्याच्या बांधणीतले आहे. निवेदन मॅककॉनेल यांचे असल्यामुळे जॅक आपल्याला सदैव प्रेमाच्या डोळ्यांनी पाहिलेले दिसतात. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी या माणसाला १९७१ आणि १९७२ अशी लागोपाठ दोन वर्षे आपला अध्यक्ष निवडले. तो महत्त्वाकांक्षी असला पाहिजे, कधी दुखवणाराही. त्याची स्वतःची बाजू ऐकायची उत्सुकता भागत नाही. खरे म्हणजे ही उणीव आपल्या संसारकथांतही आहे. रमाबाईंच्या पानांतून न्यायमूर्ती दिसतात. रमाबाई घरात कशा होत्या, हे न्यायमूर्तींनी कोठे लिहिले आहे? संसार दोघांचा, लिहिणारा एकच, ही या साहित्यप्रकाराची जुनी गोम आहे.

तिसरा आक्षेप शीर्षकाला आहे. मुखपृष्ठावर 'अमेरिकेतले पहिले समलिंगी लग्न' अशी जोड दिलेली आहे. प्रकाशकाला ती लागत असेल. पण 'पहिला' हा शब्द शर्यतीत शोभतो, संसाराला त्याचा काय उपयोग? या पुस्तकाचे मोल पहिलेपणात नाही, टिकण्यात आहे.

* * *

एक आक्षेप मात्र पुस्तकावर नसून या जोडप्याच्या मागणीवर आहे, आणि तो मी बाई असल्यामुळे मला अधिक जाणवतो. ज्या दारातून बाहेर पडण्यासाठी कितीतरी बायकांनी जिवाचे रान केले, त्याच दारातून आत घ्या म्हणून हे दोघे आयुष्यभर उभे राहिले. त्यांच्याच चळवळीतल्या अनेकांना त्या काळी हे पटत नव्हते. विवाह ही जुनी बेडी. ती आपल्या पायांत कशाला, असे ते म्हणत. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तरी पण 'माझे पुराण' पुन्हा वाचावे. बालविधवा गोदूबाईंनी ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, तरी मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. त्यांना लग्नाशिवाय जगता आले नसते काय? आले असते, पण विधवा म्हणून. दुसऱ्याने लावलेली ती चिठ्ठी पुसायला त्यांना लग्नच हवे होते. मॅककॉनेल यांचे तेच. फरक इतकाच की बायांच्या मागे कायदा उभा होता आणि समाज नव्हता. येथे दोन्ही नव्हते. आणि दोन पुरुषांच्या घरात कोणी कोणाचे पाणी भरायचे हे जन्मावरून ठरत नसल्यामुळे, त्या जुन्या दाराची चौकट आतून थोडी रुंदावते, असेही मला वाटते.

या झगड्यात मॅककॉनेल यांचे व्यवसायबंधू कोठे होते? अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेत १९७० साली इझ्रायल फिशमन या ग्रंथपालाने समलिंगी सभासदांचा एक गट उभा केला. व्यावसायिक संघटनेतला तसा तो पहिलाच. मॅककॉनेल यांचे प्रकरण या गटाने लावून धरले. संघटनेने १९७१ साली समान वागणुकीचा ठराव केला. नोकरी काही परत मिळाली नाही. पण त्या गटाची सूत्रे पुढे कोणाकडे आली पाहा. पुस्तक न मिळालेल्या त्या बार्बरा गिटिंग्ज यांच्याकडे. त्या ग्रंथपाल नव्हत्या, तरी सुमारे १५ वर्षे त्यांनी हे काम पाहिले. याद्या केल्या, पुस्तके शोधली. या गटाने १९७१ साली पहिले पारितोषिक दिले ते इझाबेल मिलर या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेच्या कादंबरीला. प्रकाशक मिळेना म्हणून तिने ती १९६९ साली स्वतःच छापली होती. दोन शेतकरी घरांतल्या मुली घर सोडतात आणि आपली शेती करून सुखाने राहतात, एवढीच ती गोष्ट. १९७२ साली काँग्रेस ग्रंथालयाने या विषयाला त्या जुन्या लाजिरवाण्या वर्गातून उचलून स्वतंत्र जागा दिली. न्यायालयात मॅककॉनेल ज्या वर्षी अखेरचे हरले, त्याच वर्षी तालिकेत त्यांची बाजू जिंकली. मला हा योगायोग पुस्तकातल्या कोणत्याही भाषणापेक्षा मोठा वाटला.

गोष्टीत शेवटी सुखाने राहणे, हे वाचकाला किती लागते हे आपण जाणतो. आपल्याकडे तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणली ती १९८१ साली. नाटक धाडसी, पण त्यातल्या मुलीच्या वाट्याला शेवटी मृत्यूच येतो. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' २००६ सालची. तीत भाऊ आणि बहीण एकाच तरुणावर जीव लावतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. दोन्ही कलाकृती मला मोलाच्या वाटतात. दुःखाला त्यांनी खोटे केलेले नाही. परंतु सोळा वर्षांच्या मुलाला आपल्याविषयीच्या गोष्टींत दर वेळी मरण किंवा ताटातूटच सापडली, तर तो आपल्या पुढच्या आयुष्याचा अंदाज कशावरून बांधणार? आणि त्याची आई कशावरून बांधणार?

म्हणून मॅककॉनेल यांच्या हकीकतीतला मला सर्वांत आवडलेला भाग खटल्यानंतरचा आहे. त्यांना हेनेपिन परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी मिळाली आणि ती त्यांनी ३७ वर्षे केली. पुस्तके घेतली, मांडली, लोकांना दिली. जॅकनी वकिली केली. घर सांभाळले, केस पांढरे झाले. २०१० मध्ये मॅककॉनेल निवृत्त झाले. लग्नाविषयी कोणी विचारले तर उत्तर एकच: आमचे लग्न १९७१ साली झाले आहे. २०१३ साली मिनेसोटात असे विवाह कायदेशीर झाले, तेव्हा इतर जोडपी रांगेत उभी राहिली. हे दोघे गेले नाहीत. एकदा झालेले लग्न पुन्हा कशाला?

२०१२ साली विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष एरिक केलर यांनी जुन्या वागणुकीबद्दल खेद व्यक्त केला. २६ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते १९७२ चे वाक्य नाव घेऊन रद्द केले आणि साऱ्या देशात असे विवाह वैध ठरवले. पुस्तक त्यानंतर वर्षभरात आले. म्हणून त्याचा खरा शेवट त्यात नाही. २०१८ च्या सप्टेंबरात मंकाटोच्या न्यायालयाने निर्णय दिला की ३ सप्टेंबर १९७१ चे लग्न सर्व दृष्टींनी वैध आहे. म्हणजे नवे लग्न लावून दिले नाही. जुन्याची नोंद करून घेतली. ४७ वर्षे तालिकेबाहेर पडून राहिलेल्या कागदाला त्याचा क्रमांक मिळाला. लेखकाला याहून अचूक शेवट सुचला नसता, आणि पुस्तकाला तो लाभला नाही.

त्याच सप्टेंबर महिन्यात, ६ तारखेला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३७७ व्या कलमाची बेडी समलिंगी माणसांच्या पायांतून काढली. लग्नाचा प्रश्न मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने मान्य केला नाही. तो संसदेचा विषय म्हणून सोडला. अमेरिकेतले ते १९७२ चे वाक्य आणि हा निकाल यांत पुष्कळ अंतर आहे. आपल्या न्यायमूर्तींनी पाठ फिरवली नाही, शेकडो पानांचा विचार केला. पण कचेरीच्या खिडकीशी उभ्या असलेल्या दोघांना परवाना मिळत नाही, हे दोन्हीकडे सारखेच. असो. कायद्याची चिकित्सा करण्याचा माझा अधिकार नाही.

माझा अधिकार दोन कपाटांपुरता आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या ज्या ग्रंथालयांनी १९७० साली या तालिकाकाराला दार बंद केले, त्यांच्याच एका संग्रहात आज त्याचे कागदपत्र जपून ठेवलेले आहेत. कोणा नव्या तालिकाकाराने त्यांना विषयशीर्षके दिली असतील, कार्यकर्ता, खटला, चळवळ अशी. ती चुकीची नाहीत. माझ्या विद्यार्थ्याने आपली प्रत शाळेला भेट दिली आहे. दाखल नोंदवहीत विषयाचा रकाना एवढासा असतो. त्यात मी 'आत्मचरित्र' लिहिले, थोडी जागा उरली होती तेथे 'संसार' लिहिले, आणि पुस्तक 'माझे पुराण'च्या शेजारी ठेवले. कपाटाला कुलूप नाही.